धुतलेली पानं

ती. मामांस,

भाच्याचा साष्टांग नमस्कार. (गुडघा अजून दुखतोय, त्यामुळे साष्टांग तूर्त कागदावरच.) तुमची आणि मामीची तब्येत उत्तम असेल, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. इकडे सगळे बरे आहेत. माझी नोकरी तेवढी आजारी आहे.

कारण तुम्हाला माहीत आहे, तरी सांगतो. वाळलेली पानं वजन करून जाळीच्या पिशव्यांत भरायची, रानात झाडांखाली खिळ्यांनी ठोकून ठेवायची आणि वर्षभरानं किती कुजली ते पुन्हा तोलून बघायचं, हे माझं काम. (आई शेजारणींना ‘संशोधन’ एवढंच सांगते.) निम्म्या पिशव्या लांब टेकडीवर होत्या, निम्म्या तुमच्या घरामागच्या रानात, म्हणजे ज्या वीजकेंद्राच्या बॉयलरवर तुम्ही उभी हयात काढलीत, त्याच्या धुराड्याखाली. टेकडीवरच्या पिशव्यांत नुसत्या शिरा उरल्या होत्या, त्यांवर बुरशीचे पांढरे धागे आणि ओल्या मातीचा वास. तुमच्याकडच्या पिशव्या काढून व्हरांड्यात ठेवल्या आणि मामीनं चहाला हाक मारली म्हणून आत गेलो. बाहेर येऊन बघतो तर तुम्ही सगळ्या पिशव्या फोडून, पानं साबणानं धुऊन, कपड्यांच्या दोरीवर चिमटे लावून टांगून मोकळे! वर म्हणालात, “अरे, काय काजळी होती! अशी घाण ऑफिसात नेणार होतास?” माझ्या वर्षभराच्या कामावर इतक्या मायेनं आजवर कुणी पाणी फिरवलं नव्हतं.

आमच्या मॅडमनी ती पानं उजेडासमोर धरली. मला वाटलं, आता ओरडतील. त्या पान उलटसुलट करून बघत राहिल्या. वर्षभर जमिनीवर पडूनही पानाला एक भोक नव्हतं. म्हणाल्या, “धुतली म्हणून वजन गेलं कामातून. पण बुरशी तिथे जगतच नाहीये, हे दिसतंय की.”

तुम्ही मला अभिमानानं दाखवलं होतंत, आमचं रान बघ कसं स्वच्छ, ना अळंबी, ना गोगलगाय, ना कुबट वास. मामा, त्या स्वच्छ रानात मी हात खुपसून पाहिला होता. कोपरापर्यंत पानंच पानं. वरची तपकिरी, खालची काळी, माती एकाचीही झालेली नाही. झाडं आपल्याच पाचोळ्यात उपाशी उभी आहेत. (शेंडे वाळलेत, ते तुम्ही उन्हाळ्यावर ढकललंत.)

तर प्रयोग पहिल्यापासून. रविवारी नव्या पिशव्या लावायला येतोय. साबण कुलपात ठेवावा, ही नम्र विनंती.

तुमचा,
भाचा

ता. क. गाडी मोठी आणतोय. पिशव्या खरं तर एका पाटीत मावतात.

आणखी एक ता. क. मामीनं आईला फोन केला होता. जिना चढताना मामीला आता मध्येच थांबावं लागतं. तुम्ही बघत असलात की ती कठडा पुसायचं सोंग करते. डॉक्टरांनी तिला हवा बदलायला सांगितलंय. धुराड्याबद्दल कुणी बोललेलं तुम्हाला खपत नाही, म्हणून तिनं ते तुमच्या कानावर घातलं नाही. तिला आमच्याकडे न्यायला येतोय, मामा. अडवू नका. तिची बॅग पलंगाखाली भरून तयार आहे. त्यात तुमचेही दोन शर्ट आहेत, असं आई म्हणते.