न्हाणीतला हत्तीचा दात

दि. ३ डिसेंबर २०२५
निलंगा

चि. गीतांजलीस,

ताईचा आशीर्वाद. इकडं तूर चांगली हाय, आईचं इसरणं आपलं चालूच हाय. फोन केला की "ताई, क्लास हाय" म्हणून सटकतीस, म्हणून लिहून राहिले.

पेपरातला फोटो बघितला. हातात दगड घेतलेली तू, खाली लिहिलंय, "नांदेडच्या प्राध्यापिकेला सापडला हत्तीच्या दाताचा जीवाश्म." सापडला म्हणं! दसऱ्याचं धुणं घेऊन मांजरा नदीवर मी गेले होते. वाकळा धुताना दरडीतून तो मी उपसला. खरबरीत हाय म्हणून न्हाणीत ठेवला, सगळ्यांनी त्यावर टाचा घासल्या, तू बी. दिवाळीला आलीस, उलटून बघितलास अन् पिशवीत घालून नेलास. आम्हाला टाचा घासायला काही ठेवलं न्हाईस.

लई जळले मी. खोटं कशाला बोलू?

त्या दिवशी तू आईचा हात धरून सांगत होतीस, मी भाकरी थापत ऐकत होते. जनावर मेलं अन् पुरानं लगोलग गाळाखाली दाबलं, तरच टिकतं. उघड्यावर राहिलं तर कोल्ही-कुत्री अन् ऊन-पाऊस त्याला संपवतात. दाबलेल्या हाडात पाणी झिरपतं, पाण्यातलं खनिज कणाकणानं हाडाच्या जागी बसतं. शेवटी आकार हाडाचा, आत सगळा दगड. आई तोंडाकडं बघत बसली होती तुझ्या. माझ्याकडं तशी कधी बघितली न्हाई.

आता तू विचारतीस, दात नेमका कुठं निघाला, बाकीचा हत्ती तिथंच असंल. असंल की. ती जागा माझ्याशिवाय कुणाला ठाऊक न्हाई, अन् येत्या पावसात ती दरड ढासळंल हे बी मला कळतं.

पण एक ऐक. तू गेल्यापासून आई मला गीतू म्हणती. न्हाऊ मी घालते, भरवते मी, तरी गीतूच. शेजारच्या सरजाबाईला म्हणाली, "माझी गीतू लई करती गं. थोरली फिरकत बी न्हाई." सरजाबाई माझ्याकडं बघाया लागली. मी "हाव" म्हणून भांडी घासाया गेले.

तू सुट्टी टाकून ये. आईला न्हाऊ घाल, भरव, शेजारी झोप. ज्या दिवशी ती मला माझ्या नावानं हाक मारंल, त्या दिवशी तुला मांजरेवर नेते. त्याआधी न्हाई.

लिहिणारी,
शीला. गीतू न्हाई.