चार मुंग्यांचा दात

बाबा, सेहेचाळिसाव्या वर्षी मी पुन्हा अक्षरं गिरवायला बसले आहे, आणि तीही जपानी. अंबरनाथच्या आमच्या कारखान्यात आता जपानहून ड्रॉइंग्ज येतात. डिसेंबरची परीक्षा पास झाले नाही तर मला ड्रॉइंग सेक्शनमधून उचलून स्टोअरला टाकतील, असं साहेबांनी गोड बोलून सांगितलंय. स्टोअर म्हणजे दिवसभर उभं राहणं, आणि माझे गुडघे तुमच्यावर गेलेत. म्हणून जेवणाच्या सुट्टीत एका हाताने डबा खात मी कॉम्प्युटरवर ती चित्रासारखी अक्षरं घोकते. खरं सांगू, जीव विटलाय.

ब्राउझरमध्ये उघडणारं एक साधन आहे. प्रत्येक अक्षराला ते खुणेचा एक इंग्रजी शब्द देतं. ते शब्द माझ्या डोक्यात काही टिकेनात. मग कळलं की ते बदलून आपले घालता येतात. 'अजून नाही' अशा अर्थाचं एक अक्षर आहे, त्याला मी 'बघू' असं लिहिलं. सायकल मागितली की बघू, सहलीचं विचारलं की बघू. तुमच्या तोंडून 'नाही' कधी ऐकलं नाही, आणि 'हो'सुद्धा. ते अक्षर मी पुन्हा चुकले नाही. तेव्हापासून एकेक शब्द खोडून घरचा घालत बसते.

ही रीत तुमचीच. उल्हासनगरात दुकानांच्या पाट्या रंगवताना उर्दूसारखी दिसणारी सिंधी अक्षरं तुम्ही अशीच लक्षात ठेवायचात. उलटा विळा, टोपीवाला, चार मुंग्यांचा दात. मुंग्या म्हणजे खालची टिंबं. तुम्हाला सिंधी वाचता येत नाही हे फक्त घरात आणि तुमच्या जोडीदार काकांना ठाऊक होतं. गिऱ्हाइकाला तुम्ही बिनधास्त सांगायचात, पढ़ता हूँ साईं.

मी सहावीत होते. कापडाच्या एका दुकानाच्या पाटीवर तुम्ही चाराऐवजी तीनच मुंग्या काढल्यात, 'भ'चा 'प' झाला आणि 'भाऊ'चा 'पाव', पाव किलोतला. मी डबा घेऊन आले तेव्हा तुम्ही रंग आणायला गेला होतात. सेठ भला माणूस. त्याने मला स्टुलावर बसवून सरबत दिलं आणि विचारलं, "बेटा, पप्पा सिंधी पढ़ते हैं ना?"

"नहीं अंकल," मी म्हटलं, "वो मुंगी गिनते हैं."

सेठ पोट धरून हसला. मीही हसले. मोठ्या माणसाला हसवलं याचीच मला फुशारकी. दोन दिवसांत बाजारभर झालं, लोक तुम्हाला मुंगीवाला पेंटर म्हणायला लागले आणि सिंधी पाट्या दुसऱ्याकडे गेल्या. मला तुम्ही काही विचारलंच नाहीत, सरळ काकांचं दार गाठलंत. "तुझ्याशिवाय माहीत होतं कोणाला रे?" काका पोरांच्या शपथा घेतायत. मी तुमच्या मागे उभी आहे, सगळं ऐकतेय आणि गप्प आहे. बारा वर्षं एका परांचीवर उभं राहून काम केलेले तुम्ही दोघे त्यानंतर एकमेकांशी बोलला नाहीत.

काका अजून विठ्ठलवाडीलाच राहतात, ऐकू कमी येतं म्हणे. दोनदा त्यांच्या चाळीपर्यंत गेले आणि तशीच बदलापूरला माझ्या घरी परतले. काल जेवणाच्या सुट्टीत 'माफी मागणे' हे अक्षर समोर आलं. घरचा शब्द शोधून शोधून थकले. आपल्या घरात माफी कोणी कधी मागितलीच नव्हती, शब्द आणू कुठून. इंग्रजीच राहू दिला.

हे काकांना सांगायचं, ते तुम्हाला लिहितेय, कारण तुमचा पत्ता नाही आणि त्यांचा आहे. तुम्ही गेलात त्या दिवशी काका सगळ्यांच्या मागे, अनवाणी उभे होते. पोरगी किती रडतेय, म्हणत होते सगळे. पण बाबा, रडण्याच्या आधी मला हायसं वाटलं होतं. आता तुम्हाला कळणार नाही, म्हणून.