भुतावर जीव जडलेली बाई

प्रिय पोरी,

पलंगाखालच्या खोक्यात तू ठेवून गेलेल्या पाच कादंबऱ्यांपैकी चार मी वाचून संपवल्या. हसू नकोस. पहिली नुसती धूळ झटकायला उघडली होती, आणि तेवढ्यात गॅसवरचं दूध उतू गेलं. धुक्यात उभा असलेला, शर्टाची बटणं लावायला विसरलेला तो मुखपृष्ठावरचा गडी दुकानात न्यायची लाज वाटली, म्हणून जाड कागदाचं कव्हर घातलं. आता जेवणाच्या सुट्टीत चष्म्याच्या काचा घासायच्या मशीनशेजारी बसून वाचते. मालकांनी विचारलं, एवढं काय वाचता? म्हटलं, पाठदुखीवरचं पुस्तक आहे. तेव्हापासून बिचारे रोज माझ्या पाठीची चौकशी करतात.

पण पाचही पुस्तकांतली ती तुझी एकच नायिका! घड्याळं दुरुस्त करते, हात इतका कसबी, आणि अक्कल मात्र गहाण टाकलेली. बुडून मेलेल्या खलाशावर जीव जडलाय. तो संध्याकाळी जिन्यात येऊन उभा राहतो, ओले केस, मधाळ बोलणं, की हिचं जग तिथंच थांबतं. तळघरात खुट्ट झालं की दिवा न घेता एकटीच खाली जाणार. गावातला गुरांचा डॉक्टर हिच्यासाठी झुरतोय, तर त्याला धड हो नाही की धड नाही नाही. आणि कुणी काही विचारलं की एकच उत्तर, मी ठीक आहे. पानापानावर ठीक आहे! मी तिचं नाव ‘ध्यान’ ठेवलंय. दोनदा तर पुस्तक आपटून उठले, आणि हात धुऊन परत वाचायला बसले.

तुला खरं सांगते, पहिली दोन पुस्तकं मी भुताच्या बाजूनं होते. डॉक्टर दारात आला की माझ्या कपाळाला आठी. ध्यानानं त्याला वाटेला लावलं की मी मनात म्हणायचे, शाबास, आपल्या माणसाला धरून राहिलीस. मेला म्हणून काय तो परका झाला? मी ते कुणाची आई होऊन वाचत होते, ते तुला सांगायला नको. आपला तो जाऊन चार वर्षं झाली. तुझा नवरा गेला, माझा मुलगा गेला, आणि आपण दोघी एकमेकींना धरून राहिलो. शेजारच्या काकू म्हणाल्या होत्या की सून आता कशाला राहील. तू राहिलीस. मला त्याचा केवढा अभिमान होता.

तिसऱ्या पुस्तकात ध्यान तापानं फणफणते. भूत उशाशी बसून इतकं सुंदर बोलतं की वाचताना डोळे भरून यावेत, पण तिला पाण्याचा पेला काही देता येत नाही. हात पेल्यातून आरपार जातो. पाणी डॉक्टर आणून देतो. पाणी पिऊन ती त्याला सांगते, मी ठीक आहे, तुम्ही जा. तिथं मी वाचायची थांबले. मला गेल्या हिवाळ्यातलं तुझं आजारपण आठवलं. माझी कंबर धरलेली, मला उठवत नव्हतं. तुमच्या लॅबमधला तो उंच माणूस औषधं घेऊन आला, उंबऱ्याबाहेरच उभा राहिला, आणि तू आतून म्हणालीस की मी ठीक आहे, तुम्ही निघा. मला तेव्हा ते बरोबरच वाटलं होतं.

तो परवा रविवारी घरी आला. तुझ्या लॉकरमध्ये राहिलेला स्वेटर आणि डबा द्यायला. मी बसवलं, चहा केला. पठ्ठ्यानं पायातले मोजे ओढत अर्धा कप संपवला, मग सरळच बोलला. “मी त्यांना लग्नाचं विचारलं होतं. त्या नाही म्हणाल्या. आता मी परत विचारणार नाही, त्यांना त्रास द्यायचा नाही. पण मला वाटलं, हे तुम्हाला माझ्याच तोंडून कळावं.” मी विचारलं, का नाही म्हणाली? त्यानं कप खाली ठेवला. मग म्हणाला, “म्हणाल्या, आईंना कोण आहे?”

म्हणजे पुढच्या कामाचा अनुभव मिळेल असं सांगून तू लांबच्या हॉस्पिटलात बदली मागून घेतलीस, ती त्याला रोज समोर बघायला नको म्हणून होय. मला इतका राग आला तुझा! तुझ्यापुढं ते ध्यान परवडलं. तिला निदान भुतानं अडवलं होतं. तुला मी अडवलं, आणि तेही मला न विचारता.

तो गेल्यावर दारातले माझ्या मुलाचे बूट उचलले. घरात पुरुषमाणूस आहे असं वाटावं म्हणून इतकी वर्षं ठेवले होते. पुसून कपाटात ठेवले, आणि रडले. पण रडून झाल्यावर भूक लागली, पोटभर जेवले. तो माझा मुलगा आहे, माझ्यापाशी राहील. त्याच्यासाठी तू थांबायची गरज नाही. आणि माझ्यासाठी तर मुळीच नाही. मला कोण आहे याची काळजी करू नकोस. तू काय आकाशात चाललीयस? तुमच्या नव्या घराची एक किल्ली मला दे, बाकीचं मी बघते.

तो माणूस तुला आवडत नसेल तर गोष्ट वेगळी, मग मी पुन्हा त्याचं नाव काढणार नाही. पण आवडत असेल तर त्याला तूच फोन कर, तो शब्दाचा पक्का दिसतो, आपणहून करायचा नाही. हे पत्र त्यासाठीच लिहिलंय. फोनवर बोलले असते तर तू म्हणाली असतीस की मी ठीक आहे. तुझी आई असती तर तिनंच हे केलं असतं. मागच्या लग्नात मी वरमाय होते, मिरवून घेतलं. या खेपेला मुलीकडची म्हणून उभी राहीन. आणि इतकी वर्षं मला ‘अहो आई’ म्हणत आलीस, ते आता पुरे. आलीस की दारातून ‘अगं आई’ म्हणून हाक मार.

तुझीच,
आई