तनूचे स्केट्स

रविवार, संध्याकाळ

आज ह्यांनी तनूचे स्केट्स दिरांच्या सोहमला देऊन टाकले. तिला विचारलंसुद्धा नाही. तिचा हात अजून प्लास्टरमध्ये आहे.

स्केट्स घेताना भोरच्या दुकानात मी सांगत होते, टाच घट्ट बसते तेच घ्या, मनगटाचे-गुडघ्याचे पॅडही घ्या. ह्यांनी दोन नंबर मोठे उचलले. म्हणाले, "पोरं वाढत्यात. आन पॅड कशाला? पडल्याबिगर कोण शिकतं व्हय?"

टाचेमागं माझं बोट जात होतं. दोन मोजे घातले तरी जात होतं. देवळापुढच्या काँक्रीटवर दुसऱ्याच दिवशी तिचा पाय आतल्या आत कलंडला आणि ती हातावर पडली. तेव्हापासून घरात एकच, पोरीच्या जातीला कशाला ही थेरं. टाचेमागच्या त्या बोटभर जागेचं कोणी नाव काढत नाही. का काढतील?

सोहम तिच्यापेक्षा मोठा, त्याला ते बरोबर बसले. आणि त्याच्यासाठी आज त्याच दुकानातून पॅड आणलेत. "लागलं तर भावाला काय तोंड दाखवू?" हे मलाच विचारतात.

सोहम अंगणात भिंत धरून उभा राहिला, तर तनू पायरीवरून सांगायला लागली, "दादा, गुडघे वाकव. मागं झुकू नगंस."

हे म्हणाले, "बघ, तिला काय बी वाटत न्हाई."

ते ऐकून ती पायरीवरून उठली. मग आत आली आणि माझ्या शेजारी बसून एका हातानं मेथी निवडायला लागली.