सोनेरी कॅसेटवरचं नाव

३ जून
आले एकदाची ओसाकाला! त्सुजिमोतो काकांच्या जुन्या गेमांच्या दुकानात नोकरी, वर राहायला खोली. पोरं कॅसेटच्या पाठीवर मार्करने आपलं नाव खरडतात, मग तशी कॅसेट कुणी घेत नाही. माझं काम सोपं. कापूस, स्पिरिट, नाव गायब. पहिल्याच दिवशी मी काकांच्या थंड चहाच्या बाटलीत शेवयांचा रस्सा भरून ठेवला. काकांनी घोट घेतला, थुंकले, म्हणाले, माकडीण आणली की काय मी कामाला! मग स्वतःच खो खो हसले.

६ जून
आज माझ्या ट्रेमध्ये एक सोनेरी कॅसेट होती. पाठीवर वेडंवाकडं ‘कोहारू’. दोन हात मारले, आरसा केला तिचा. शाबासकी घ्यायला गेले, तर काका शेजारच्या मासेवालीला विचारत होते, आमच्या कोहारूची कॅसेट फोन घेताना कुठे टेकवली गं मी?
मासेवालीने मला बाजूला घेऊन सांगितलं. बारा वर्षांपूर्वीच्या गेमच्या मोठ्या स्पर्धेसाठी अशा सोळाच बनवल्या, अंतिम फेरीतल्या सोळा पोरांना सरावाला आधीच एकेक. कोहारू काकांची एकुलती एक. फेरीच्या आठवडाभर आधी तापाने गेली, अकराव्या वर्षी. तिच्या हातचं ते अक्षर. काका रोज त्यावरून अंगठा फिरवतात.
कॅसेट मी खिशात घातली.

७ जून
शाळेत असताना बापाच्या सह्या मीच ठोकायचे, त्यात काय! मार्करने तस्संच ‘कोहारू’ लिहिलं आणि, ही घ्या, ट्रेमध्ये होती, म्हणून दिली. काकांनी अंगठा फिरवला. अंमळ थांबले. काचेच्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. सुटले मी!

८ जून
कॅसेट कोरी. काकांचं लक्ष जायच्या आत, धूळ पुसते म्हणून किल्ली मागितली, परत लिहिलं.

१० जून
परत कोरी. लिहिते तर माझ्यासमोर शाई आत जिरते. कुणी पीत असल्यासारखी. आणि काकांनी जपून ठेवलेल्या कोहारूच्या छत्रीच्या दांड्यावर नाव होतं, डब्यावर होतं — तेही नाही. मी हात लावला नाही. शपथ.

११ जून
देव्हाऱ्यातली तिची लाकडी पाटी, गेलेल्या माणसाच्या नावाने ठेवतात ती. नाव कोरलेलं होतं. कोरलेलं! आता गुळगुळीत.

१२ जून
सांगून टाकलं. काका, मीच पुसलं, मारा मला. मी रडत होते. काकांनी डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, वेडी का गं, एका नावासाठी कुणी रडतं? मग म्हणाले, कुणाची ही कॅसेट? टोकियोचा एकजण कधीपासून मागतोय, देऊन टाकू?
वाटलं, माझीच मस्करी माझ्यावर उलटवतायत. नाही. खरंच विचारत होते.

१३ जून
मासेवाली म्हणते, त्यांना कुठे मूलबाळ? भिंतीवरच्या फोटोत काका वाकून कुणाला तरी बोट धरायला देतायत. बोटापुढे कुणी नाही —
आता फक्त मला माहितेय. मी दिवसभर नाव पुटपुटत राहिले. जेवताना एकदा अडले.

१४ जून, सकाळ
मागे ६ जूनच्या पानावर माझ्याच अक्षरात लिहिलंय. तीन अक्षरं. दिसतात, वाचता येत नाहीत.
काका दारात उभेत. हातात देव्हाऱ्यापुढे रोज ठेवतात ती भाताची छोटी वाटी, वाफ येतेय. विचारतायत, पोरी, हात आपोआप वाढून मोकळा झाला बघ, पण हा भात मी कुणासाठी वाढला? डोळ्यांतून पाणी चाललंय त्यांच्या, आणि का ते त्यांना कळत नाही.
थांबा काका, सांगते. तुमची मुलगी होती. तिचं नाव को — को —