डावा गाल आणि व्याह्यांचा पेढा

लिंबायत, सुरत
होळीनंतरचा गुरुवार

आदरणीय व्याही हेमराजदादा यांस,

दगाचा, उषाबाईचा आणि घरातल्या सगळ्यांचा हात जोडून नमस्कार. पारोळ्याला आपण, विहीणबाई सरस्वतीबाई आणि कुंदनराव (जावई म्हणायला अजून लग्न व्हायचं आहे, पण जिभेला सवय लावतो आहे) खुशाल असाल, आपला गुडघाही जिना चढू देत असेल. मोबाइल असताना हा माणूस पत्र का लिहितो, असं वाटेल. मोबाइल गालाला लावायची मला अजून भीती वाटते, आणि स्पीकरवर ठेवला की आमच्या गल्लीतले सगळेच आपल्याशी बोलायला लागतात.

साखरपुड्यात मी आपल्याला ढकललं, आपली टोपी वरणाच्या पातेल्यात पडली आणि आपण "चला रे सगळे" म्हणून उठलात. माफी तेव्हाच मागणार होतो, पण तोंड उघडत नव्हतं. म्हणून आता सविस्तर.

दिवाळीनंतर एका सकाळी दात घासताना डाव्या गालातून करंट गेला. (लूमखात्यात तीस वर्षं काढली आहेत, करंट कसा असतो ते मला कोणी सांगायला नको.) दोन सेकंद, आणि गायब. मग रोज दहादा, वीसदा. दातांच्या डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी दोन दाढा काढल्या. दोन्ही धडधाकट होत्या, हे त्यांनी काढून झाल्यावर सांगितलं. पंख्याचा वारा लागला की करंट, घास चावला की करंट, बोललो की करंट. डाव्या गालाला ब्लेड लावायची सोय राहिली नाही, म्हणून उजवीकडे गुळगुळीत आणि डावीकडे दाढी अशा अवस्थेत कामावर जायचो. शेठ माझ्याभोवती एक चक्कर मारून म्हणाले, "दगाभाई, आ शुं छे?" उत्तर द्यायचं तर बोलावं लागलं असतं, म्हणून मी नुसते हात जोडले. त्यांना वाटलं, नवस आहे.

उषाबाईला वाटलं, गुटखा पुन्हा सुरू झाला. तिने आठ दिवस माझे खिसे तपासले. मी गप्पच झालो, तेव्हा पहिले दोन दिवस तिला बरं वाटलं (हे तिनेच कबूल केलं, सव्वीस वर्षांत कोणी मध्ये न बोलता तिचं बोलणं पहिल्यांदाच पूर्ण झालं होतं), तिसऱ्या दिवशी मात्र ती रडायला लागली. आपली होणारी सून नूतन मात्र वरणभात बोटांनी कालवून माझ्यापुढे ठेवायची आणि मान हलवून उत्तर देता येईल असेच प्रश्न विचारायची.

हे आपल्याला आधी कळवायला हवं होतं. पण मुलीच्या बापाला कसलातरी आजार आहे म्हटल्यावर आपण काय विचार कराल, या धास्तीने लपवलं. आणि त्या दिवशी आपण पेढा घेऊन आलात. एसटीचं स्टेअरिंग फिरवून घडलेला आपला हात. एका हाताने आपण मायेने माझा डावा गाल धरलात, दुसऱ्याने अख्खा पेढा कोंबलात. पुढचं मी केलं नाही दादा, आपोआप झालं. डोळे उघडले तेव्हा पेढा आपल्या सदऱ्यावर होता आणि आपली माणसं चपला शोधत होती.

तेवढ्यात नूतन पाटावरून उठली. नवरीने बोलायचं नसतं, हे तिला कोणी सांगितलं नसावं. माझ्यापुढे उभी राहून म्हणाली, "बाबाले दुखस. तीन महिना व्हई ग्यात. तुम्ही जेवण करीसन जा." मी खाली बघत होतो. ठरलं लग्न मोडलं, असंच मनात आलं. पण विहीणबाई चप्पल काढून परत आत आल्या, माझ्यासमोर बसल्या आणि विचारलं, "भाऊ, वारा लागना तरी दुखस का?" मी मान हलवली. त्यांच्या मामांना हेच झालं होतं, हे दाताचं नाही, नसेचं आहे, हे त्यांनी तिथेच सांगितलं आणि आपल्यालाही दटावून बसवलं. आपण बसलात. नुसते बसला नाहीत, टोपी धुऊन घेतलीत आणि माझ्या शेजारी बसून मुकाट्याने वरणभात जेवलात, पुरणपोळी ताटात असताना. तेव्हा मी डोळे पुसत होतो, ते दुखण्यामुळे नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात गेलो. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मशीनमध्ये डोक्याचा फोटो काढायला लावला आणि कागदावर नस काढून दाखवली. चेहऱ्याचा स्पर्श कळतो तो तिच्यामुळे, जबडा चावतो तोही तिच्यामुळे. कपाळ, गाल, जबडा अशा तिला तीन फांद्या. माझ्या नसेला एक रक्तवाहिनी घासत होती, त्यामुळे वरचं आवरण झिजलं. वायरचं कव्हर गेलं म्हणजे काय होतं, हे मला लगेच समजलं. फिटच्या आजारावरची गोळी याला चालते म्हणे. मधूनमधून रक्त तपासायचं, गोळी मनाने बंद करायची नाही, आणि तिने भागलं नाही तर ऑपरेशनही आहे. सुरुवातीला झोप इतकी यायची, की शेठच्या समोर उभ्याउभ्या डुलकी घेतली.

पण दादा, बाराव्या दिवशी मी भाकरी चावली. आपली ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी आणि ठेचा. नुसती चावत बसलो, गिळायचं लक्षातच राहिलं नाही. उषाबाई म्हणाली, थंड होईल. होऊ दे म्हटलं. आपण पेढा कोंबला नसतात आणि विहीणबाई परत फिरल्या नसत्या, तर मी एव्हाना उरलेल्या दाढाही काढून बसलो असतो. आपले उपकार मानायला शब्द आहेत, आता ते बोलताही येतात.

आपला,
दगा

ता. क. : एक विनंती. चैत्रातली तारीख ज्येष्ठात नेता येईल का? नूतनच्या लॅबच्या कोर्सची परीक्षा आहे.

ता. क. २ : पाकीट बंद केलं होतं, पुन्हा उघडलं. परीक्षा फाल्गुनातच संपते. आपल्याशी खोटं बोलवत नाही. चार महिने पोरीशी एक धड वाक्य बोललो नाही, आता कुठे तोंड उघडलं, तर ती निघाली. मला तिच्याशी थोडं बोलायचं आहे. दीड महिना पुरेल.