आईसाठी स्ट्रट बार

३ फेब्रुवारी
आईला गाडी का लागते? मेकॅनिकलची पदवी घेतली, घरातली पहिलीच, प्रमाणपत्र चौकटीत भिंतीवर आहे — आणि याचं उत्तर मला येत नाही! बसमध्ये तिला काही होत नाही. शेजाऱ्यांच्या गाडीतही नाही. फक्त आपल्याच गाडीत, आणि घाटात हमखास.

मावशीचं घर नेमकं घाटापलीकडे. महिनाअखेरीला ती मुलाकडे जाणार, परदेशात, कायमची. त्या रस्त्याची बस बंद झाली आहे. आई म्हणते, फोनवर बोलेन, त्यात काय. पण तिचा फोन झाला की मी बघते ना — ठेवून दिलेला फोन कितीतरी वेळ पुसत बसते.

५ फेब्रुवारी
कारण सापडलं! गाडीचं अंगच ढिलं झालंय. पुढच्या चाकांवर बॉनेटखाली दोन बुरूज असतात, स्प्रिंगचा सगळा भार त्यांच्यावर. वळणावर ते किंचित इकडे-तिकडे होतात. दोघांना जोडणारा आडवा दांडा टाकला — स्ट्रट बार — की पुढचा भाग एकसंध. हेलकावे कमी. आई मावशीकडे!

गाडी बाबांच्या ड्रायव्हिंग स्कूलची. शिकाऊ लोकांनी तिचे जे हाल केलेत ते गाडीच जाणे. बाबा शेजारच्या सीटवर बसून स्वतःच्या वेगळ्या ब्रेकवर पाय ठेवून असतात, म्हणून ती अजून शाबूत आहे. बेत सांगितला तर त्यांना रागच आला. निम्मं गाव या गाडीवर शिकलं म्हणे, कोणाला उलटी झाली नाही. आई भाजी निवडता निवडता म्हणाली, “ते जीव मुठीत धरून बसलेले असायचे. उलटी कशाची सुचते!”

८ फेब्रुवारी
गॅरेजमध्ये मिस्त्रींनी दोन बार पुढे ठेवले. एक लालभडक, दोन्ही टोकांना सांधे, कुठल्याही गाडीत मावणारा. दुसरा काळा, एकसलग, दिसायला अगदी पलंगाचा पाय. मिस्त्रींचा जीव लाल्यावर. “बाई, बॉनेट उघडलं की लोक बघत राहतील.” मी म्हटलं, मला लोकांना दाखवायचं नाही, आईला बसवायचंय. जिथे सांधा तिथे थोडी का होईना हालचाल. मग दांडा टाकून उपयोग काय? काळा घेतला. आईला शर्यतीत उतरवणार का, असं मिस्त्रींनी विचारलंच.

१० फेब्रुवारी
बार बॉनेटला घासेल का? उघड्या बॉनेटखाली डोळ्यांनी समजत नाही. बार न आवळता नुसताच बुरुजांवर ठेवला, त्यावर कणकेचे गोळे, बॉनेट अलगद बंद केलं, उघडलं. गोळे दबले, पण बऱ्यापैकी जाड राहिले. म्हणजे जागा आहे! आनंदाने आईला दाखवायला गेले. ती म्हणाली, ग्रीस लागलेल्या कणकेची पोळी तू आणि तुझे बाबा वाटून खा.

१२ फेब्रुवारी
बसला!
आधी बसेचना. एका बाजूचे बोल्ट जागेवर, दुसऱ्या बाजूची भोकं जरा चुकलेली. बाबा खुर्ची टाकून बघत होते, खुशीत. मग लक्षात आलं — गाडी जॅकवर उचललेली! चाकं लोंबकळत असताना अंग आपल्या जागी कसं असेल? खाली उतरवली, सपाट जमिनीवर. बार टपकन बसला. बाहेरचे नट टॉर्क पान्याने नेमक्या जोराइतकेच आवळले, मधल्या मोठ्या नटला हात लावला नाही — स्प्रिंग त्याच्यावरच अडकलेली असते.
बाबा उठून वाकले, बार दोन्ही हातांनी हलवून पाहिला. “हं,” म्हणाले. घरात जाऊन आईला काय सांगितलं ते मला ऐकू आलं — पोरीचा हात बसलाय.

१३ फेब्रुवारी
सगळं फुकट.
मी चालवत होते. बाबा शेजारी, आई मागे. स्टिअरिंग खरंच नीट वाटत होतं (की मला वाटून घ्यायचं होतं?). पण घाटाच्या सुरुवातीलाच आईचा चेहरा उतरला. उतरून रस्त्याकडेला बसली. मी पाणी दिलं. तिला काय वाईट वाटलं, तर माझं! एवढा खटाटोप केलास गं, म्हणाली.

परत येताना माझ्या पायाखालचा ब्रेक आपोआप खाली गेला. मी दाबला नव्हता. पुन्हा गेला. पुन्हा. शेजारी पाहिलं. बाबा खिडकीबाहेर बघत शांत बसलेले, आणि त्यांचा पाय त्यांच्या ब्रेकवर शिलाई मशीन चालवत होता!

संध्याकाळी आईला गाठलं. तिला ठाऊक होतं! “हे स्वतः चालवतात तेव्हाही तेच. वळणाआधी दाबतात, वळणात दाबतात, वळण संपलं की आठवण म्हणून दाबतात.”
मग आजवर बोलली का नाहीस?
“ज्यांनी गावाला गाडी शिकवली त्यांना सांगू, तुमचा पाय नीट नाही? त्यापेक्षा मला गाडी लागते, हे बरं.”

१४ फेब्रुवारी
बाबांना सांगायचं ठरवलं. खरं तेच सांगावं, असं माझं मत. ते बार कापडाने पुसत होते. सांगितलं नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार
सकाळी सगळे आवरत होते तेव्हा शेजारचा ब्रेक माझ्या ब्रेकला जोडणाऱ्या दांड्याची पिन काढून खिशात टाकली. बाबांचा पाय घाटभर चालू होता. गाडी मात्र माझ्याच पायाचं ऐकत होती. आई मावशीच्या दारात हसत उतरली. दोघी बहिणी जेवल्या कमी, बोलल्या जास्त.

निघताना बाबांनी मला बाजूला घेतलं, हात पुढे केला. “पिन दे. उद्या शिकवणी आहे.”
कधी कळलं?
“पहिल्याच वळणावर.”
मग दाबत का होतात?
“तुला धीर असावा म्हणून.”

पिन तिथेच जागेवर बसवली. मग बाबांना मागे बसवलं आणि आईला पुढे, माझ्या शेजारी. घाटभर ब्रेक तिच्या पायापाशी होता. तिने एकदाही दाबला नाही. झोपली होती.